ठाणे–लोणार–नागपूर : दादाची क्रूझ आणि माझी

पहिला दिवस : ठाणे ते लोणार

मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा नागपूरला. दिवाळीनंतरचा आठवडा, रेल्वेची तिकिटं कुठून मिळणार? म्हणून दोन गाड्या काढल्या. पुढे दादाची दहा वर्षांची डिझेल सेडान, तिच्यात दादा आणि वहिनी. मागे आमची सहा महिन्यांची ऑटोमॅटिक. चालवणारी मी, शेजारी नवरा. दादा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालाय, त्यामुळे गाडीतल्या प्रत्येक नटबोल्टवर त्याचं मत असतं. ते बहुतेक वेळा बरोबर निघतं, हा आमचा खरा त्रास.

क्रूझ कंट्रोल दोन्ही गाड्यांत आहे. दादाची साधी. वेग ठरवायचा, बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा. पुढे ट्रक येवो नाहीतर म्हैस, ती आपली त्याच वेगानं जात राहणार, ब्रेक तुम्ही मारायचा. माझी 'अडॅप्टिव्ह'. पुढच्या जाळीमागे रडार, आरशाच्या मागे काचेला चिकटलेला कॅमेरा. पुढच्या गाडीशी अंतर राखत ती स्वतःच वेग कमी-जास्त करते. "मॅडम, पाय वापरायचेच नाहीत," असं गाडी देताना तो मुलगा म्हणाला होता, आणि मी त्याच वाक्यावर भाळले होते.

पहाटे साडेपाचला निघालो. भिवंडीच्या बाजूला कंटेनरांची रांग ठरलेलीच. तिथे माझ्या गाडीनं अक्षरशः जीव वाचवला. पुढचा दोन हात सरकला की ही दोन हात सरकणार, तो थांबला की ही थांबणार. तीन-चार सेकंदांहून जास्त थांबली की फक्त बटणाला बोट लावायचं. पुढे दादाचे ब्रेकलाइट लागत-विझत होते आणि मी थर्मासमधला चहा पीत होते. (ओतून नवऱ्यानं दिला. उगाच कोणी टोकायला नको.)

आमण्याला समृद्धी महामार्ग लागला की दुसरंच जग. पूर्वी कसारा घाट म्हणजे ओकाऱ्या, लिंबू आणि पिशव्या. आता जवळजवळ पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा, आणि गाणं संपायच्या आत इगतपुरी. बोगद्यात माझ्या गाडीनं दादाच्या मागे असं नेमकं अंतर धरलं की नवरा म्हणाला, "लग्नानंतर तू कोणाच्या इतकी सरळ मागे चाललेली मी पहिल्यांदा बघतोय."

कार्सना मर्यादा १२० ची, पण आम्ही दोघांनीही १०५ लावायचं ठरवलं होतं. सिन्नर मागे पडलं, गप्पा रंगल्या. वहिनीचा फोन आला, "कुठे राहिलात? पंक्चर झालं का?" मी म्हटलं, मागेच तर आहोत. आणि पुढे पाहिलं तर दादाची गाडी नाहीच. पुढे एक टँकर. काट्याकडे नजर गेली : ७८.

कधी झालं हे? दादानं टँकरला मागे टाकलं तेव्हा आमच्यासमोर टँकर आला, आणि माझ्या गाडीनं आवाज न करता, धक्का न देता, लोण्यातून सुरी फिरावी तसा वेग काढून घेतला. किती वेळ आम्ही त्या टँकरची वरात काढत होतो देव जाणे. साध्या क्रूझमध्ये हे शक्यच नाही. टँकर अंगावर येतोय हे दिसतं, काहीतरी करावंच लागतं. इथे गाडीनं परस्पर निर्णय घेऊन टाकला आणि मला विचारलंही नाही.

मग ओव्हरटेक. उजवीकडची लेन रिकामी बघून सिग्नल दिला, वळले. रस्ता मोकळा झालाय हे गाडीला पटायला एक-दोन सेकंद लागले आणि वेग धरायला आणखी काही. तेवढ्यात मागून एक पांढरी एसयूव्ही दिवे मारत आली. शेवटी पायच दाबला. म्हणजे पाय वापरायचेच नाहीत, हे तिथेच निकालात निघालं.

अंतराचाही एक विनोद आहे. १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. दोन सेकंदांचं सुरक्षित अंतर ठेवायचं तर ६६ मीटर. शिकवणीत बरोबर. पण आपल्याकडे ६६ मीटर मोकळे म्हणजे बिनकुंपणाचा प्लॉट, कोणीतरी येऊन बसणारच. कोणी आत घुसला की माझी गाडी पुन्हा ६६ मीटर मागे हटणार, त्या नव्या फटीत तिसरा येणार. अंतर सगळ्यांत कमी करून पाहिलं तर नवऱ्याचे पाय कार्पेटवर नसलेले ब्रेक शोधायला लागले. ठाणे-नागपूर प्रवास उलट दिशेनं होऊ नये म्हणून मधलं ठेवलं.

सोय म्हणून सांगते : समृद्धीवर खाण्याची भिस्त घरच्या डब्यावर ठेवा. वहिनीचे धपाटे आणि उरलेला फराळ होता म्हणून आमचं भागलं. टोल बाहेर पडताना अंतराप्रमाणे फास्टॅगमधून कापला जातो, कारला किलोमीटरला साधारण दोन रुपये धरा. आणि निघण्याआधी टायर बघाच. सिमेंटचा रस्ता, तासन् तास तोच वेग, जुने टायर इथे दगा देतात. दादानं आदल्या संध्याकाळी दोन्ही गाड्यांची हवा स्वतः मोजली होती, माझ्या गाडीतल्या स्क्रीनवर आकडा दिसत असूनही.

जालन्यापर्यंत ऊन होतं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मळणी झालेल्या सोयाबीनचे ढीग, त्यांवर निळ्या ताडपत्र्या. त्या ताडपत्र्या का होत्या ते सिंदखेडराजाच्या अलीकडे कळलं. अवकाळीनं असं झोडपलं की पुढची गाडी दिसेना. टिंग करून माझी क्रूझ सुटली, स्क्रीनवर 'सेन्सर झाकला गेला आहे' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप. इथे गाडीचं चुकलं नाही. ओल्या रस्त्यावर कुठलीच क्रूझ वापरू नये, दादानंही त्याची बंद केली होती. फरक एवढाच की त्यानं ती स्वतः बंद केली होती.

मेहकरला उतरून लोणारकडे वळलो. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, समोर ट्रॅक्टर, चाकांना शेतातला काळा चिखल, आणि तो सगळा आमच्या बंपरवर.

दुसरा दिवस : लोणार ते नागपूर

सकाळी आभाळ धुतल्यासारखं. काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा शांतता ऐकू येते, मग मोरांचा आवाज, आणि वारा फिरला की एक उग्र खारट वास. बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण आपण एका प्रचंड वाटीच्या कडेवर उभे आहोत हे तिथे गेल्यावरच पोटात जाणवतं. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आम्ही गेलो तेव्हा ते आपलं शेवाळी हिरवं होतं.

वाटाड्या म्हणून पन्नाशीचे एक गृहस्थ मिळाले. खाली पाण्याशी नेऊन त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. हळद. कागदावर चिमूटभर चोळली आणि वर तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. पिवळ्याचं बघता बघता कुंकू झालं. "अल्कलीचं पाणी हाय ना," ते म्हणाले, "हळदीले खोटं बोलता येत नाही." वहिनीनं तो कागद पर्समध्ये जपून ठेवला. घरी येईपर्यंत तो वाळून विटकरी झाला होता.

वर येऊन गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. आत अंधार, आणि त्यात विष्णूच्या पायाखाली लवणासुर. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम बघायला सकाळचं तिरपं ऊन बरं. पायऱ्या उतरून सरोवराशी जायचं असेल तर सकाळी लवकरच जा, बूट घाला, पाणी न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच समाधान मानावं, कारण चढून वर यायचं असतं. दादाचा उजवा गुडघा दुखतो. त्यानं ऐकलं नाही.

निघायच्या वेळी लख्ख ऊन, कोरडा रस्ता. महामार्गावर चढून बटण दाबते तर गाडी म्हणाली, नाही. पुन्हा तोच सेन्सरचा निरोप. बरं, अंतर-बिंतर राहू दे, निदान साधी क्रूझ तरी लाव! तीही नाही. काही गाड्यांत अडॅप्टिव्ह बंद करून साधी लावायची सोय असते. पुस्तिका धुंडाळून नवऱ्यानं निकाल दिला की आपल्या मॉडेलमध्ये ती नाही. लाखो रुपयांची नवी गाडी, आणि ७० वर्षांपूर्वीच्या गाड्यांना जे जमत होतं ते हिला जमेना. माझा सगळ्यांत मोठा राग हाच आहे. रडारला दिसत नसेल तर रडारचं काम थांबव, माझा पाय का अडकवतेस?

पुढच्या पेट्रोलपंपावर थांबलो. शेजारच्या चहाच्या टपरीवरचा दहा-बारा वर्षांचा पोरगा गाडीभोवती घिरट्या घालत होता. नवरा बंपरशी वाकून काहीतरी शोधतोय हे बघून त्यानं विचारलं, "काय हारपलं काका?"

"रडार शोधतोय. गाडीचा डोळा."

"गाडीले डोये रायते?" तो हसला. मग दुकानातून ओलं फडकं आणलं आणि जाळीच्या खालच्या भागात एक काळी गुळगुळीत चौकट होती, तिच्यावरचा वाळलेला चिखलाचा पापुद्रा नखानं हलकेच उचलला. पापुद्रा अखंड निघाला, खपली निघावी तसा. पुन्हा फडकं मारलं, मग शर्टाच्या बाहीनं कोरडं केलं. "आता दिसते का पाह्य म्हना तिले." मी गाडी सुरू केली. निरोप गेला होता. पोराला पैसे देऊ केले तर मालक आतून ओरडला, "घेऊ नको रे!" मग आम्ही सहा चहा आणि चार प्लेट भजी घेतली आणि डब्यातल्या चकल्या पोराच्या हवाली केल्या.

(ॲडासवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या गाडीत असं रडार-कॅमेऱ्याचं मदतनीस तंत्र आहे त्यांनी, हे लक्षात ठेवा : डिकीत एक मऊ फडकं आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी उजेडाला येणारे किडे काचेवर चिकटतात, कॅमेऱ्यासमोरची काच तेवढी रोज पुसायची. आणि पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा विचार असेल तर तो आधी सोडा, रडारच्या आड येतं.)

कारंजा लाडच्या पुढे तो प्रसंग. दुपारचे तीन, रस्ता सरळसोट, नजर जडावलेली. मी १०५ वर, समोर एक कार, तिच्या मागे माझी गाडी इमानानं. ती कार एकदम डावीकडे सरकली आणि तिच्या जागी समोर एक ट्रक. उभा. बंद पडलेला. मागे चार दगड आणि झाडाची एक फांदी, आपला राष्ट्रीय इशारा. माझ्या स्क्रीनवर ट्रकचं चित्रच नव्हतं. समोरची गाडी गेली, रस्ता मोकळा, असा हिशोब करून गाडी उलट वेग वाढवायच्या बेतात होती. मी ब्रेकवर उभीच राहिले. वहिनीच्या डब्यातले उरलेले शंकरपाळे मागच्या सीटवरून पुढे आले.

गाडी अगदी शेवटच्या क्षणी थांबली असती का? असेलही. मी वाट बघितली नाही. पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलंय, उभ्या वाहनांवर प्रणाली प्रतिसाद देईलच असं नाही. चालत्या गाड्यांमागे राहणं हे तिचं मुख्य काम. रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पुलाचे कठडे यांच्यावरूनही रडारच्या लहरी परत येतात. प्रत्येकासाठी ब्रेक मारायचा तर गाडी पुढे जायचीच नाही. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तू बाजूला काढायच्या, अशी रचना बऱ्याच प्रणालींमध्ये असते. अलीकडच्या गाड्यांत कॅमेरा मदतीला येतो, तरी ही दुबळी बाजू पूर्ण गेलेली नाही. मोटारसायकलीही हिला उशिरा दिसतात. समृद्धीवर त्यांना बंदी आहे म्हणून बरं. रोही, म्हणजे नीलगाय, त्यांना मात्र बंदीची पाटी वाचता येत नाही.

पुढच्या थांब्यावर मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी साधी क्रूझसुद्धा सरळ धडकली असती.

"असती की," दादा म्हणाला. "पण माझी मला कधी म्हणत नाही की मी बघतेय."

मी गप्प बसले. वर्कशॉपवाल्यांशी वाद घालू नये.

तिसरा दिवस : नागपूर

आज गाडी नाही, फक्त पोट. सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. ठाणेकर माणूस आधी खोकतो आणि मग दुसरी प्लेट मागतो. साखरपुडा वेळेवर सुरू झाला, ही बातमी आहे. रात्री पुरुषमंडळींसोबत आम्ही दोघीही सावजी मटण खायला गेलो. ही हलबा कोष्टी समाजाची पाककला. मसाला काळपट, तेल तरंगणारं, आणि तिखट असं की कानांत घंटा वाजतात. दादानं घाम पुसत पुसत तीन वेळा रस्सा घेतला. संत्रा बर्फी घ्यायची असेल तर परतीच्या दिवशी घ्या, आदल्या दिवशी घेतलेली आमच्याकडे पहाटेपर्यंत उरली नाही.

मावसबहिणीचे यजमान गाडी बघून म्हणाले, "स्वतःच ब्रेक मारून राहिली, स्वतःच चालून राहिली, मग तुम्ही काय करता जी?" प्रश्न योग्य होता. त्यांच्या धाकट्या मुलानं, तो इंजिनीअरिंगला आहे, एक सुरेख गोष्ट सांगितली. क्रूझ कंट्रोल ज्याच्या डोक्यातून निघालं तो राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनीअर लहानपणापासून अंध होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरनं हे यंत्र शोधलं. १९५० साली पेटंट, १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये. म्हणजे मुळात हा शेजारी बसणाऱ्याच्या तक्रारीतून लागलेला शोध. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. मी बोलायला लागले की माझाही पाय उचलला जातो, असं त्याचं पंचवीस वर्षांचं म्हणणं आहे.

रडारची गाडी बरीच नंतरची, मर्सिडीजनं एस-क्लासमध्ये ती १९९९ मध्ये आणली. "म्हणजे चाळीस वर्षं लोक साध्यावर सुखी होते," दादा म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, "उद्या एक टप्पा तुझी चालवून बघू?"

चौथा दिवस : किल्ल्यांची अदलाबदल

शिवमडक्याला, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, किल्ल्या बदलल्या. वर्ध्यापर्यंत धुकं होतं, दोघंही क्रूझशिवाय. ऊन वर आलं तसा मी दादाच्या गाडीत १०० लावला. सुख म्हणजे काय ते पहिल्या दहा किलोमीटरमध्ये समजलं. गाडी १०० म्हणजे १००. चढावर इंजिन थोडं कण्हतं, उतारावर दोन आकडे वर जातं, पण काट्याशी बेईमानी नाही. पुढे ट्रक दिसला की लांबूनच मनात गणित सुरू होतं : आत्ता लेन बदलली तर ब्रेक लागणार नाही. अंगठ्यानं प्लस-मायनस करत रस्ता वाचायचा. मी खूप वर्षांनी पुन्हा गाडी चालवत होते.

हे सगळं मनातल्या मनात लिहीत असतानाच मेहकरच्या पुढे एक ट्रेलर आला आणि मी काहीच केलं नाही. पाय जमिनीवर तसाच. ट्रेलर मोठा होत गेला, त्याच्या मागचं 'अंतर ठेवा' वाचता यायला लागलं, आणि माझं शरीर शांतपणे गाडी वेग कमी करण्याची वाट बघत होतं. सहा महिन्यांची सवय. वहिनी ओरडली, "अगं!" मग ब्रेक, मग छातीतली धडधड, मग वहिनीनं न बोलता दिलेलं पाणी. पुढचे शंभर किलोमीटर मी क्रूझ लावलीच नाही.

एकाच घरात दोन प्रकारच्या गाड्या असतील तर हे जरूर लक्षात ठेवा. निघण्याआधी मोठ्यानं म्हणा, आज ब्रेक माझा. हसू येईल, येऊ द्या.

जालन्यानंतर ट्रकांची गर्दी वाढली आणि साध्या क्रूझचं दुखणं सुरू झालं. लावा, दोन मिनिटांत ब्रेक, सुटली. पुन्हा लावा, क्लच दाबला, सुटली. रिकाम्या रस्त्यावरची ही राणी गर्दीत काही कामाची नाही. दादाची गाडी, म्हणजे माझी गाडी, कुठेतरी मागे राहिली होती. वहिनीनं फोन लावला. माझ्या नवऱ्यानं उचलला. "आम्ही एका सिमेंटच्या ट्रकमागे आहोत. आम्हाला आत्ताच कळलं." मागून दादाचा आवाज, "बहात्तर! बहात्तरवर चाललीय, आणि मला सांगत नाही!" मला आतून फार बरं वाटलं.

आमण्याला उतरलो तेव्हा सात वाजले होते. भिवंडीच्या रांगेत शिरायच्या आधी किल्ल्या बदलायचं ठरलं होतं. कडेला थांबून मी फोन केला. नवरा म्हणाला, "दादा म्हणतात, त्यांचा गुडघा लोणारपासून ठणकतोय. घरापर्यंत अशीच येऊ दे."

आरशात बघितलं. माझी गाडी मागे येऊन उभी होती, आणि आतल्या दिव्यात दादा संत्रं सोलत होता. पुढचा कंटेनर हात-दोन हात सरकला. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.